खाणकंपनीच्या एकत्रित हिशेबांचे लेखापरीक्षण

खाणकंपनीच्या एकत्रित हिशेबांचे लेखापरीक्षण : मूळ कंपनी, तिच्या उपकंपन्या, सहयोगी कंपन्या आणि संयुक्त उपक्रम हे सारे मिळून एकच धंदा आहे असे मानून ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, रोख प्रवाह आणि त्यांवरील टिपा तयार केल्या जातात. कंपनीशी हितसंबंध नसलेल्या सनदी लेखापालाने त्या तपासून, त्या खरे व वाजवी चित्र दाखवतात की नाही यावर दिलेला लेखी अभिप्राय म्हणजे हे लेखापरीक्षण. असे एकत्रित हिशेब मांडण्याचे बंधन भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२९(३) ने घातले आहे. कोणाचे हिशेब कसे जोडायचे हे इंड एएस (भारतीय लेखा मानक) ११० व त्याच्या जोडीची मानके ठरवतात. इतर उद्योगांपेक्षा खाणधंद्यात हे काम अवघड जाते, कारण इथला पैशाचा जवळजवळ प्रत्येक आकडा आधी टनांत किंवा घनमीटरांत मोजलेला असतो. ते मोजमाप लेखापालाने केलेले नसते.

या नोंदीत उदाहरण म्हणून कोल इंडिया लिमिटेड घेतली आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेली, कोलकात्यात मुख्यालय असलेली ही सरकारी कंपनी २०१० मध्ये शेअर बाजारात आली. २०२३-२४ या वर्षात तिच्या समूहाने सुमारे ७७.४ कोटी टन कोळसा काढला. कोळसा काढणाऱ्या उपकंपन्या सात : ईस्टर्न (सांक्टोरिया), भारत कोकिंग (धनबाद), सेंट्रल (रांची), नॉर्दर्न (सिंगरौली), साउथ ईस्टर्न (बिलासपूर), महानदी (संबलपूर) आणि आपल्या नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे वेकोलि. वणी, माजरी, चंद्रपूर, बल्लारपूर, उमरेड ही वेकोलिची महाराष्ट्रातील क्षेत्रे. पेंच, कन्हान आणि पाथाखेडा मध्य प्रदेशात आहेत. खाणींचे आराखडे करणारी सेंट्रल माइन प्लॅनिंग अँड डिझाइन इन्स्टिट्यूट, म्हणजे सीएमपीडीआय, हीसुद्धा उपकंपनीच आहे. शिवाय मोझांबिकमध्ये कोल इंडिया आफ्रिकाना ही कंपनी आहे.

एकत्रित हिशेब कशासाठी, याचे उत्तर या रचनेतच आहे. कोल इंडियाच्या थेट ताब्यात आसामातील मार्गेरिटा परिसरातल्या थोड्या खाणी सोडल्या तर फारसे काही नाही. तिचे स्वतंत्र हिशेब उघडले तर मुख्य उत्पन्न दिसते ते उपकंपन्यांकडून आलेल्या लाभांशाचे. कोळसा किती निघाला, माती किती उपसली, कामगारांचे देणे किती, खाण बुजवायला किती लागणार, हे सारे उपकंपन्यांच्या पुस्तकांत असते. एकत्रीकरणात हा लाभांश वजा होतो, कारण घरातल्या घरात फिरलेला पैसा उत्पन्न ठरत नाही. मुख्यालय उपकंपन्यांवर लावत असलेला आकार आणि सीएमपीडीआयची बिलेही तशीच वजा होतात. त्या बिलांपैकी भूगर्भ-शोधाचा खर्च एखाद्या उपकंपनीने मालमत्ता म्हणून धरला असेल, तर त्यात दडलेला सीएमपीडीआयचा नफाही शोधून काढावा लागतो. ही वजावट जुळवणे किचकट असले तरी यांत्रिक आहे. उपकंपन्यांच्या पोटातल्या कंपन्या (साउथ ईस्टर्नची छत्तीसगड ईस्ट रेल्वे, सेंट्रलची झारखंड सेंट्रल रेल्वे) आणि हिंदुस्तान उर्वरक व रसायनसारखे संयुक्त उपक्रम जोडण्याचे नियमही ठरलेले आहेत.

खरा प्रश्न कोण तपासतो आणि कोणाच्या भरवशावर, हा आहे. सरकारी कंपनीचा लेखापरीक्षक कंपनी नेमत नाही. कलम १३९(५) प्रमाणे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, त्याची नेमणूक करतात. ज्याची तपासणी करायची त्यानेच तपासनीस निवडायचा, हा खासगी क्षेत्रातला जुना पेच इथे बराच सैल होतो. कलम १४१ हितसंबंध असलेल्यांना अपात्र ठरवते. हिशेब लिहून देणे, अंतर्गत लेखापरीक्षण, विमागणिती मूल्यांकन (निवृत्तिवेतनासारख्या पुढच्या देण्यांचा गणिती अंदाज) अशी कामे त्याच कंपनीत करायला लेखापरीक्षकाला कलम १४४ ची मनाई आहे.

नेमणूक एकाची नसते, उतरंड असते. वेकोलिसारख्या कंपनीत क्षेत्रीय कार्यालयांचे हिशेब शाखा-लेखापरीक्षक पाहतात, त्यांच्या अहवालांवर उपकंपनीचा वैधानिक लेखापरीक्षक अभिप्राय देतो आणि अशा सगळ्या उपकंपन्यांच्या अहवालांवर कोल इंडियाचा लेखापरीक्षक समूहाचा अभिप्राय उभारतो. भारतातील एसए (लेखापरीक्षण मानक) ६०० हे समूहाच्या लेखापरीक्षकाला दुसऱ्याच्या कामावर विसंबण्याची आणि ‘अमुक उपकंपन्यांचे हिशेब आम्ही तपासलेले नाहीत, ते इतरांनी तपासले आहेत’ असे अहवालात सांगण्याची मुभा देते. आंतरराष्ट्रीय मानकात जबाबदारी अशी वाटून घेता येत नाही. समूहाचा लेखापरीक्षक पूर्ण अभिप्रायाला एकटा बांधील असतो. २०२४ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाने भारतीय मानक त्या धर्तीवर बदलण्याचा प्रस्ताव मांडला, त्याला सनदी लेखापालांच्या संस्थेने विरोध केला. प्रस्तावातून सरकारी कंपन्या वगळल्या होत्या. कोल इंडियाच्या बाबतीत मूळ कंपनीच्या स्वतःच्या पुस्तकांत समूहाचा अगदी लहान भाग असतो, म्हणजे एकत्रित अभिप्रायाचा बहुतेक भार इतरांच्या सह्यांवर असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ज्या समूहाला या बदलाची सर्वांत जास्त गरज आहे, तोच त्यातून बाहेर राहिला.

आता प्रत्यक्ष खाणीवर येऊ. ३१ मार्चला खाणीच्या तोंडाशी आणि रेल्वे साइडिंगवर कोळशाचे ढीग असतात. पुस्तकातला साठा म्हणजे काढलेला कोळसा उणे पाठवलेला कोळसा. यातले ‘पाठवलेला’ काट्यावर तोललेले असते. ‘काढलेला’ मात्र पुष्कळदा डंपरच्या फेऱ्या आणि एका फेरीची ठरावीक भरती यांच्या गुणाकारातून येतो. म्हणून वर्षअखेरीला ढीग मोजतात. पूर्वी थिओडोलाइटने मोजत, आता टोटल स्टेशन, लेझर स्कॅनर आणि ड्रोन आले आहेत. उपकरणाने आकारमान कळते; टन काढण्यासाठी त्याला घनतेने गुणावे लागते, आणि घनता कोळशाच्या तुकड्यांच्या आकारावर, ओलीवर, दाबावर बदलते. उन्हाळ्यात ढीग आतून पेटतो, पावसात भुकटी वाहून जाते. पुस्तक आणि मोजमाप यांत ५ टक्क्यांपर्यंत फरक असेल तर पुस्तकी आकडाच धरायचा आणि त्याहून जास्त असेल तरच मोजलेला घ्यायचा, असे कोल इंडियाचे हिशेबी धोरण राहिले आहे. १० लाख टनांच्या ढिगात मोजमाप ९ लाख ६० हजार निघाले तरी ताळेबंदात १० लाखच राहतात. मोजण्यातली अपरिहार्य चूक लक्षात घेता ही सूट अवाजवी नाही. पण एकाच बाजूचा फरक वर्षामागून वर्षे येत राहिला तर तो मोजण्यातली चूक उरत नाही. म्हणून चांगला लेखापरीक्षक प्रत्येक ढिगाचा फरक सुटा न पाहता मागच्या चार-पाच वर्षांचे फरक एका कागदावर मांडतो. साठा मोठा असेल तर मोजणीच्या वेळी हजर राहणे एसए ५०१ ने सक्तीचे केले आहे. एप्रिलच्या उन्हात ढिगाच्या माथ्यावर उभे राहण्याला पर्याय नाही.

ढिगापेक्षा बिकट बाब मातीची. ओपनकास्ट खाणीत कोळशाच्या थरापर्यंत पोचण्यासाठी वरची माती-खडक, खाणवाल्यांच्या बोलीत ‘ओबी’, हटवावी लागते. कोरब्याजवळच्या गेवरासारख्या खाणीत ही उपसणी अफाट असते. एका टनामागे किती घनमीटर माती, या प्रमाणाला स्ट्रिपिंग रेशो म्हणतात. समजा खाणीच्या पूर्ण आयुष्याचे सरासरी प्रमाण ४ आहे आणि यंदा ५.५ ने माती निघाली. जादा दीड घनमीटरचा खर्च यंदाचा, की पुढच्या वर्षी ज्याच्यापर्यंत वाट मोकळी झाली त्या कोळशाचा? इंड एएस १६ च्या परिशिष्टाप्रमाणे ती उपसणी कोळशाच्या कोणत्या ठरावीक भागाची वाट मोकळी करते हे दाखवता आले, तर खर्च मालमत्ता म्हणून पुढे नेता येतो. कोल इंडियाने बरीच वर्षे दहा लाख टन वा अधिक वार्षिक क्षमतेच्या खाणींसाठी सरासरी प्रमाणावर आधारलेली पद्धत वापरली. सरासरीपेक्षा कमी माती निघाली की राहिलेल्या कामाची तरतूद खर्चात पडायची. ती तरतूद इतकी वाढली होती की शेअर बाजारातले विश्लेषक कंपनीचा नफा ही नोंद बाजूला काढून पुन्हा मांडत.

सरासरी प्रमाण येते कुठून? खाणीच्या प्रकल्प अहवालातून. आणि तो अहवाल करते सीएमपीडीआय, म्हणजे समूहातलीच कंपनी. खाण किती वर्षे चालेल आणि बुजवायला काय लागेल, याही प्रश्नांची उत्तरे बहुतांशी तिथूनच येतात. सीएमपीडीआयचे अभियंते आणि भूवैज्ञानिक आपल्या कामात निष्णात आहेत. प्रश्न त्यांच्या सचोटीचा नाही. लेखापरीक्षणाच्या भाषेत ते ‘व्यवस्थापनाचे तज्ज्ञ’ आहेत. एसए ५०० प्रमाणे अशा तज्ज्ञाची पात्रता, वस्तुनिष्ठता आणि त्याने धरलेली गृहीतके तपासल्याशिवाय त्याचा आकडा पुरावा म्हणून घेता येत नाही. गरज पडल्यास एसए ६२० खाली लेखापरीक्षकाने स्वतःचा खाणतज्ज्ञ आणावा, अशी सोय आहे. समूहाच्या हिशेबात स्वतंत्रपणाची खरी कसोटी इथे लागते, फीच्या बिलात नव्हे.

खाण बंद करण्याची तरतूदही याच जातीची. २००९ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ओपनकास्ट खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये आणि भूमिगत खाणीसाठी १ लाख रुपये असा पाया ठरवून कोळसा नियंत्रकाकडे एस्क्रो खात्यात (ठरलेल्या कामासाठीच राखून ठेवलेल्या खात्यात) पैसे भरायला लावले. पुढे हे दर वाढवले गेले. खात्यात भरलेली रक्कम आणि हिशेबातली तरतूद मात्र वेगळ्या. तरतूद म्हणजे भविष्यातल्या खर्चाचे आजचे मूल्य. ३० वर्षांनी येणारा १०० कोटींचा खर्च ८ टक्क्यांनी आजच्या मूल्यात आणला तर सुमारे १० कोटी होतो, ६ टक्क्यांनी आणला तर १७ कोटींवर जातो. दोन टक्क्यांनी देणे पाऊणपट वाढते. भद्रावती-घुग्घुस भागात मातीचे डोंगर पाहिलेल्या माणसाला या दराचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

काही वेळा खाणीची किंमतच कोसळते. रिओ टिंटो या ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन खाणकंपनीने २०११ मध्ये मोझांबिकमधील कोळसा खाणींसाठी सुमारे ३.७ अब्ज डॉलर मोजले. कोळसा झांबेझी नदीतून नेण्याची परवानगी मिळाली नाही, साठाही अपेक्षेहून कमी निघाला. जानेवारी २०१३ मध्ये सुमारे ३ अब्ज डॉलर बुडीत धरण्याची घोषणा झाली आणि मुख्य कार्यकारी अधिकारी टॉम अल्बानीज पायउतार झाले. २०१२ च्या सहामाही हिशेबातच मूल्यघट तपासायला हवी होती, असे ठरवून ब्रिटनच्या वित्तीय आचरण प्राधिकरणाने २०१७ मध्ये कंपनीला २.७४ कोटी पौंडांचा दंड केला. त्या खाणी २०१४ मध्ये अवघ्या ५ कोटी डॉलरना विकल्या गेल्या, त्या भारताच्या इंटरनॅशनल कोल व्हेंचर्सला; हा सरकारी कंपन्यांचा संघ, त्यात कोल इंडियाही भागीदार होती. गोव्यात वेगळे कारण घडले : ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लोहखनिज भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि जमिनीत खनिज जसेच्या तसे असूनही कंपन्यांच्या ताळेबंदातली त्याची किंमत उरली नाही.

न्यायालयीन दाव्यांचा भाग स्वतंत्रपणे वाचण्यासारखा असतो. महाजेनको आणि इतर वीजकंपन्यांच्या तक्रारींवरून स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये कोल इंडियाला १,७७३.०५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फेरसुनावणीनंतर २०१७ मध्ये तो ५९१.०१ कोटींवर आला. असे देणे तरतूद म्हणून खर्चात घ्यायचे की टिपेत आकस्मिक दायित्व (पुढे कदाचित द्यावे लागेल असे देणे) म्हणून नोंदवायचे, हे वकिलाचा अभिप्राय वाचून ठरवावे लागते. याहून कितीतरी मोठा प्रश्न २५ जुलै २०२४ च्या निकालाने उभा केला. स्वामित्वधन (रॉयल्टी, म्हणजे खनिज काढण्याबद्दल द्यायचा मोबदला) हा कर नाही आणि राज्यांना खनिजहक्कांवर कर लावता येतो, असे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने ठरवले. १४ ऑगस्टच्या आदेशाने १ एप्रिल २००५ पासूनची मागणी करायला मुभा दिली, वसुली मात्र १ एप्रिल २०२६ पासून १२ वर्षांच्या हप्त्यांत. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, म्हणून प्रत्येक उपकंपनीचे उत्तर वेगळे.

भारतात २०१८ पासून सूचिबद्ध कंपन्यांच्या अहवालात ‘लेखापरीक्षणातील महत्त्वाच्या बाबी’ हा भाग येतो. लेखापरीक्षकाला सर्वांत जास्त झगडावे लागले ते मुद्दे आणि त्याने त्यावर काय केले, हे त्यात असते. सरकारी कंपनीत त्यानंतर कलम १४३(६) खाली कॅगचे पूरक लेखापरीक्षण होते. अहवाल हाती आल्यापासून ६० दिवसांत कॅगला टिप्पणी करता येते आणि ती वार्षिक सभेपुढे ठेवावी लागते. कॅगची कामगिरी-लेखापरीक्षणे, जसे कोल इंडियाच्या खाणींच्या पर्यावरणीय परिणामांवरचा २०१९ चा अहवाल, या प्रक्रियेबाहेरची असतात. तरी खाण बुजवण्याची तरतूद तपासणाऱ्याने तो अहवाल शेजारी ठेवावा. हिशेबातल्या आकड्यामागची जमीन तिथे पाहिलेली असते.