बेगड (धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिक फिल्म)

बेगड : शोभेसाठी वापरला जाणारा चकचकीत, अतिशय पातळ पत्रा. विदर्भातील खेड्यांत पोळ्याला बैलांच्या शिंगांना आणि तान्ह्या पोळ्यात मुलांच्या लाकडी बैलांना बेगड चिकटवतात. जुनी बेगड कथिलाची असे. आता त्या नावाने बहुधा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली प्लास्टिकची फिल्मच हाती पडते. चिप्सच्या पुड्याची आतली चंदेरी बाजूही याच जातीची.

निर्वात कक्षात ॲल्युमिनियमची वाफ सरकत्या फिल्मवर गोठते आणि साधारण ३० ते ५० नॅनोमीटर जाडीचा थर बसतो. तो धरून ठेवायला मध्ये गोंद नसतो. थर टिकेल की नाही, हे मुख्यतः प्लास्टिकच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन आहे की नाही यावर ठरते. पॉलिएस्टरच्या रेणूंत कार्बोनिल गट (कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन) असतात व त्यांच्या ऑक्सिजनशी ॲल्युमिनियमचे अणू रासायनिक बंध जोडतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये केवळ कार्बन आणि हायड्रोजन असल्याने धातू त्यावर नुसता टेकून राहतो. म्हणून मुलाम्यापूर्वी फिल्मवर कोरोना विद्युत्‌विसर्जन (उच्च दाबाच्या विजेचा हवेतून होणारा स्राव) करून पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट निर्माण करावे लागतात. ही प्रक्रिया अती झाली, तर रेणुसाखळ्या तुटून वरचा पापुद्राच कमजोर होतो आणि धातू त्या पापुद्र्यासकट निघून येतो. चिकटपट्टी लावून ओढण्याची रूढ चाचणी त्यामुळे ढोबळच म्हटली पाहिजे : थर धातू व प्लास्टिकच्या सांध्यात सुटला की सांध्याखालचे प्लास्टिक फाटले, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

सर्व धातू सारखे वागत नाहीत. क्रोमियम व टायटॅनियम बहुवारिकाशी (पॉलिमरशी, म्हणजे इथे प्लास्टिकशी) जोमाने अभिक्रिया करतात. सोने जवळजवळ अलिप्त राहते. त्याचे अणू पृष्ठभागावर सरकून पुंजके करतात, काही आतही झिरपतात. म्हणून सोन्याखाली अनेकदा क्रोमियमचा अथवा टायटॅनियमचा पातळ थर देतात.

ऑक्सिजनची ही ओढ ॲल्युमिनियमच्या मुळावरही येते. उष्ण, दमट हवेत पाण्याशी अभिक्रिया होऊन धातूचे ऑक्साइड व हायड्रॉक्साइड बनते आणि चंदेरी भाग हळूहळू पारदर्शक होतो. अल्कली याहून त्वरेने काम करते : तंबाखूत मळायचा ओला चुना मुलाम्याच्या उघड्या बाजूवर राहिला, तर तेवढ्या जागेतला ॲल्युमिनियम विरघळतो आणि खालचे साधे प्लास्टिक दिसू लागते.