आमिश कथासाहित्यातील स्थळयोजना

आमिश कथासाहित्यातील स्थळयोजना : अमेरिकेतील आमिश या ॲनाबाप्टिस्ट (प्रौढपणीच बाप्तिस्मा देणाऱ्या) ख्रिस्ती समाजावरील कथा-कादंबऱ्या प्रत्यक्षातल्या गावात घडवाव्यात, की नकाशावर नसलेले गाव रचून त्यात घडवाव्यात, यासंबंधीची लेखनपद्धती. (भारतीय लेखक अमीश त्रिपाठी यांच्या पौराणिक कादंबऱ्यांशी या नोंदीचा संबंध नाही.) ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात : गाव आणि काउंटी दोन्ही खरी; काउंटी खरी, पण गाव कल्पित; आणि दोन्ही कल्पित. काउंटी म्हणजे राज्याखालचा, साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. तिन्हींपैकी दुसरा प्रकार सर्वांत रुळलेला आहे, तिसरा क्वचितच दिसतो.

या साहित्यप्रकाराचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही, आणि जो आरंभ धरावा त्याप्रमाणे स्थळयोजनेचा इतिहासही बदलतो. हेलेन राइमेनस्नायडर मार्टिन (१८६८–१९३९) या पेनसिल्व्हेनियातील लेखिकेची ‘सबीना’ ही कादंबरी १९०५ मध्ये प्रसिद्ध झाली. आमिश पात्रांना मध्यवर्ती स्थान देणारी पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. परंतु मार्टिन यांची दृष्टी बाहेरच्या माणसाची आणि बरीचशी उपहासाची होती, म्हणून काही अभ्यासक जोसेफ योडर यांच्या ‘रोझॅना ऑफ द आमिश’ (१९४०) या पुस्तकापासून सुरुवात मानतात. तिसरे मत बेव्हर्ली लुईस यांच्या ‘द शनिंग’ला (१९९७) आद्यस्थान देते. आज ‘आमिश कादंबरी’ म्हणून जो ख्रिस्ती वाचकवर्गासाठीचा प्रेमकथाप्रधान प्रकार ओळखला जातो, त्यापुरते हे तिसरे मत ग्राह्य वाटते. स्थळयोजनेचा विचार करताना मात्र योडर यांना वगळून चालत नाही.

योडर (१८७२–१९५६) पेनसिल्व्हेनियातील मिफ्लिन काउंटीमधल्या किशाकोक्विलस खोऱ्यात वाढले. स्थानिक लोक त्याला नुसते ‘बिग व्हॅली’ म्हणतात. आयरिश कॅथलिक कुळात जन्मलेली आणि आमिश घरात वाढलेली आपली आई हाच त्यांच्या पुस्तकाचा विषय असल्याने गाव बदलण्याचा प्रश्नच नव्हता. खोरे खरे, त्यातली शेते खरी, उपासनेच्या चालीरीतीही आठवणीतून उतरवलेल्या. तरीही संवाद आणि प्रसंग रचलेले आहेत. ज्युलिया कॅसडॉर्फ यांनी योडर यांच्या चरित्राच्या अंगाने या सरमिसळीची चिकित्सा केली आहे. खरे स्थळ दिल्याने कथेलाही खऱ्याचा दर्जा मिळतो आणि वाचक कादंबरीला दस्तऐवज समजू लागतो, याचे हे सर्वांत जुने ठळक उदाहरण म्हणता येईल.

खऱ्या गावाच्या नावाचा व्यापारी उपयोग नाट्यक्षेत्रात आधी झाला. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलेले ‘प्लेन अँड फॅन्सी’ हे संगीत नाटक पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर काउंटीमधल्या बर्ड-इन-हँड या खऱ्या गावात घडते. लँकेस्टरमधील आमिश पर्यटनाची वाढ साधारण याच वर्षांपासून मोजतात. ती नाटकामुळेच झाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण मोटारीने सहलीला जाण्याची लाट त्याच काळात सर्वत्र होती. १९८५ च्या ‘विटनेस’ या चित्रपटाचे चित्रीकरण लँकेस्टर काउंटीत झाले, तेव्हा आमिश समाजाचे अभ्यासक आणि स्वतः आमिश घरात जन्मलेले जॉन हॉस्टेटलर यांनी त्याला जाहीर विरोध केला होता.

१९९७ नंतरच्या लाटेत दोन प्रवाह समांतर चालले. लुईस यांचे हिकरी हॉलो हे खेडे कल्पित, पण ते वसवले आहे खऱ्या लँकेस्टर काउंटीत. दुसऱ्या प्रवाहातील लेखक बर्ड-इन-हँड, पॅरडाइज, ओहायोतील शुगरक्रीक, इंडियानातील शिपशेवाना अशी पर्यटकांच्या ओळखीची गावे थेट घेतात. व्हॅलरी वीव्हर-झर्चर यांच्या २०१३ मधील अभ्यासानुसार २००२ मध्ये अशा दोनच प्रेमकादंबऱ्या निघाल्या होत्या. २०१२ मध्ये हा आकडा ८५ वर गेला. इतक्या पुस्तकांना पुरतील एवढी प्रसिद्ध आमिश गावे अमेरिकेत नाहीत. कल्पित गावे वाढण्यामागे कलात्मक कारणांइतकेच हे साधे कारणही असावे.

गुन्हेकथांत याचा वेगळा पेच दिसतो. ओहायोतील होम्स काउंटी हीच पार्श्वभूमी घेऊन पी. एल. गॉस आणि लिंडा कॅस्टिलो या दोघांनीही मालिका लिहिल्या. गॉस (पहिली कादंबरी १९९९) मिलर्सबर्ग हे काउंटीचे खरे मुख्य ठिकाण ठेवतात आणि त्यात एक महाविद्यालय तेवढे कल्पनेने उभारतात. कॅस्टिलो (पहिली कादंबरी २००९) पेंटर्स मिल नावाचे आख्खे गावच रचतात आणि त्याला एक महिला पोलीसप्रमुख देतात. खऱ्या काउंटीला निवडून आलेला एकच शेरीफ, म्हणजे काउंटीचा मुख्य पोलीस अधिकारी, असतो. कथेतला शेरीफ उतावळा किंवा चुकार दाखवला, तर लोक बोट कोणाकडे दाखवणार हे उघड आहे. कल्पित गावाच्या पोलीसप्रमुखाला ही अडचण नाही. शिवाय एका लहान गावात वर्षानुवर्षे पडणारे खून पचवायलाही कल्पित गाव सोयीचे.

आमिश समाजाची रचना ध्यानात घेतल्याशिवाय हा प्रश्न नीट कळत नाही. या समाजाला वरून हुकूम देणारी मध्यवर्ती संस्था नाही. साधारण २५ ते ४० कुटुंबांची एक स्थानिक मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा समूह, असते. उपासना चर्चच्या इमारतीत नव्हे, तर एक रविवार सोडून पाळीपाळीने सभासदांच्या घरी होते. मंडळीला एक बिशप, बहुधा दोन उपदेशक आणि एक डीकन (सेवाधिकारी) असतो. लँकेस्टरमध्ये एकच बिशप पुष्कळदा दोन मंडळ्या पाहतो. पोशाख, वाहने, अवजारे, फोन यांविषयीचे नियम म्हणजे ‘ऑर्डनुंग’. तो मंडळीगणिक ठरतो आणि बहुतांशी अलिखित असतो. त्यामुळे अमुक गाव, अमुक वर्ष आणि तेथला कठोर बिशप असे कादंबरीत लिहिले, की तेथले लोक बोटांवर मोजून माणूस काढू शकतात. नावे बदलूनही फारसे साधत नाही. लँकेस्टरमध्ये स्टोल्ट्सफूस, किंग, फिशर, बायलर, लॅप आणि होम्स काउंटीत मिलर, योडर, ट्रॉयर अशी मोजकीच आडनावे चालतात, तर पाळण्यातली नावे बायबलमधली. लेखकाने काहीही नाव ठेवले, तरी त्या नावाचे चारदोन जिवंत गृहस्थ निघतातच. खुद्द आमिश लोक टोपणनावांवर निभावतात. कॉफीत साय म्हणून चुकून मांसाचा रस्सा ओतणाऱ्या एकाला पुढे सगळे ‘ग्रेव्ही डॅन’च म्हणू लागले, असे हॉस्टेटलर नोंदवतात. कादंबऱ्यांत ही टोपणनावे कमी आढळतात, ही उणीवच म्हटली पाहिजे.

गाव कल्पित असले तरी प्रदेशाचे नियम सुटत नाहीत, याचा सर्वांत बोलका पुरावा बग्गी, म्हणजे मोटारीऐवजी वापरायची घोडागाडी. लँकेस्टरमध्ये बंदिस्त बग्गीचे छत राखाडी असते, ओहायो-इंडियानातील मोठ्या वसाहतींत काळे. पश्चिम पेनसिल्व्हेनियातील न्यू विल्मिंग्टन भागात ते तपकिरी आहे. इंडियानातील ॲडम्स काउंटीच्या स्विस वंशाच्या आमिशांना छतच मंजूर नाही. पावसाबर्फातही उघडी बग्गी. बिग व्हॅलीत तर एकाच खोऱ्यात तीन रंग दिसतात : पांढरा ‘नेब्रास्का’ गटाचा, पिवळा ‘बायलर’ गटाचा आणि काळा ‘रेनो’ गटाचा. एकोणिसाव्या शतकातील फुटींची ही खूण अजून रस्त्यावर फिरते. यांतील नेब्रास्का गट पेनसिल्व्हेनियातलाच आहे. त्याला हे नाव नेब्रास्कातील बिशपशी जुळलेल्या संबंधातून मिळाले. नावावरून गट नेब्रास्कात नेऊन बसवण्याचा मोह नवख्या लेखकाने टाळावा. भाषेचेही असेच. बहुसंख्य आमिश घरी पेनसिल्व्हेनिया जर्मन बोलतात, पण ॲडम्स काउंटीत स्वित्झर्लंडच्या बर्न भागातली बोली चालते. त्या काउंटीत कल्पित गाव वसवून पात्रांच्या तोंडी लँकेस्टरचे ठरावीक शब्द घालणे अभ्यासूंना खटकते.

लग्नाच्या बाबतीतही हेच. लँकेस्टरमध्ये परंपरेने लग्ने ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत, मंगळवारी आणि गुरुवारी होतात (जोडपी वाढल्याने आता हंगाम लांबला आहे), आणि मेजवानीत सेलरीची भाजी हवीच. परसात उन्हाळ्यात सेलरीचे वाफे नेहमीपेक्षा जास्त दिसले, की या घरी मुलगी उजवणार हे शेजारी ओळखतात. कथेच्या दृष्टीने हा तपशील आयता आहे आणि तो वापरून गुळगुळीतही झाला आहे. मात्र मध्यपश्चिमेकडील वसाहतींत वसंत-उन्हाळ्यातली लग्ने सर्रास होतात, आणि सेलरीचे हे प्रस्थ मुख्यतः लँकेस्टरचे. स्त्रियांच्या प्रार्थनेच्या टोपीचा आकारही लँकेस्टरमध्ये मागून बदामासारखा, तर पश्चिमेकडे चुण्या घातलेला. लँकेस्टरची मुले स्कूटर पायाने रेटत शाळेत जातात, कारण तेथे सायकल रूढ नाही. उत्तर इंडियानात सायकली सर्रास दिसतात. म्हणून काउंटी खरी आणि गाव कल्पित, ही मधली वाट अधिक सुरक्षित मानली जाते. तिच्यामुळे लेखकाला माणसांपुरती मोकळीक मिळते, चालीरीतींपुरती नाही. पुष्कळ पुस्तकांच्या सुरुवातीला छापलेली ‘गाव काल्पनिक आहे’ ही सूचना याच मर्यादेत वाचावी.

दोन्ही कल्पित ठेवणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की दरवर्षी नव्या वसाहती स्थापन होतातच, मग कोणत्याही राज्यात एखादी आणखी का नसावी? आमिशांची लोकसंख्या साधारण वीस वर्षांत दुप्पट होते. ती आता चार लाखांच्या घरात असून तीसहून अधिक राज्यांत पसरली आहे, हे पाहता युक्तिवादात तथ्य आहे. पण नवी वसाहत मूळ वसाहतीच्या चाली सोबत नेते. ती माणसे कोठून आली हे लेखकाला ठरवावेच लागते, आणि त्याबरोबर बग्गीचा रंगही ठरतो.

ऐतिहासिक कादंबरीकाराला वेगळा पर्याय उपलब्ध आहे : खरी पण उजाड झालेली वसाहत. डेव्हिड लूथी यांनी १८४० ते १९६० या काळात बंद पडलेल्या वसाहतींची पुस्तकरूपाने नोंद केली (१९८६). अशा ठिकाणी स्थळ खरे राहते आणि दुखावणारे शेजारी नसतात. मेक्सिकोच्या न्यूवो लिओन राज्यातील पॅरडाइज व्हॅली (१९२३–२९) ही त्यांतली विशेष नाट्यमय. ओहायोने १९२१ च्या कायद्याने शाळेत राहण्याची सक्ती वाढवली, तेव्हा काही आमिश कुटुंबे देश सोडून तेथे गेली. सहा-सात वर्षांत ती वसाहत मोडली. एका अलीकडच्या कादंबरीमालेचा आधार हाच प्रसंग आहे. याहून जुनी म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतील नॉर्थकिल. ही अमेरिकेतील पहिली ज्ञात आमिश वसाहत होय. तिचा आरंभ १७३६ पासून १७४० पर्यंत निरनिराळा दिला जातो. १७३७ मध्ये ‘चार्मिंग नॅन्सी’ जहाजातून आलेल्या कुटुंबांवर भर देणारे १७४० हे नंतरचे साल नाकारतात, तर वसाहत म्हणजे स्थिर मंडळी असे मानणारे सु. १७४० धरतात. येथे दुसरे मत स्वीकारले आहे. या वसाहतीवरील १७५७ चा हल्ला आणि होखस्टेटलर कुटुंबाची वाताहत हा वंशजांत आजही सांगितला जाणारा विषय असून त्यावर कथालेखन झाले आहे. तेथे कल्पित गाव रचण्याला अर्थच उरत नाही, कारण वाचकांत त्याच कुळाचे लोक असतात.

याच्या उलट फ्लोरिडातील सॅरासोटा शहरातली पाइनक्राफ्ट ही वस्ती. हिवाळ्यात निरनिराळ्या राज्यांतील आमिश आणि मेनोनाइट (आमिशांना जवळचा दुसरा ॲनाबाप्टिस्ट पंथ) लोक बसने तेथे येतात, घोडे-बग्ग्या मागेच राहतात, आणि वयस्क मंडळी तीनचाकी सायकलींवरून हिंडतात. भाड्याच्या घरात वीज असते. घरचे नियम तेथे काहीसे सैलावतात. राखाडी आणि काळ्या बग्गीवाली घराणी एरवी एकमेकांना भेटणे दुर्मीळ, येथे ती शेजारी राहतात. प्रेमकथेला याहून सोयीचे ठिकाण नाही. पण असे ठिकाण एकच असल्याने ते कल्पित नावाखाली लपत नाही, आणि लेखक बहुधा खरे नावच वापरतात.

माहितीची साधने म्हणून लेखक शुगरक्रीकहून १८९० पासून निघणाऱ्या ‘द बजेट’ या साप्ताहिकाकडे वळतात. त्यात निरनिराळ्या वसाहतींच्या वार्ताहरांची पत्रे गावाच्या नावाखाली छापली जातात : हवामान, उपासना कोणाच्या घरी झाली, कोण आजारी, कोणाला मूल झाले, कोणाच्या गोठ्याला आग लागली. वसाहतीच्या सूचिपुस्तकांतून कुटुंबांची नावे आणि पत्ते मिळतात. तेवढ्यानेच खऱ्या माणसाचे नाव अजाणता कथेत येण्याचा धोकाही वाढतो.

२ ऑक्टोबर २००६ रोजी लँकेस्टर काउंटीतील निकेल माइन्स येथे आमिश शाळेत घडलेल्या गोळीबारानंतर त्या परिसराच्या वापराबाबत संयम पाळला गेला असे दिसते. शाळेची इमारत त्याच महिन्यात पाडण्यात आली आणि नवी जवळच दुसऱ्या जागी बांधली गेली. कादंबऱ्यांची लाट या घटनेमुळे उसळली असे मत मांडले जाते; लुईस यांचे यश त्याआधीचे असल्याने ते पूर्णतः पटत नाही.

आमिश लेखकांनी स्वतः लिहिलेल्या कथांत गाव पुष्कळदा अनामच राहते, किंवा नावापुरतेच येते. कॅनडातील ओंटॅरिओमधील वसाहती या साहित्यात तुरळक आहेत.