तपासणीला जाल तेव्हा मुलांचे हात बघा

खरूज झालेल्या मुलाची बोटं फाकवून बेचक्यात पाहिलं, तर करड्या रंगाची बारीक, नागमोडी रेघ दिसते. काही मिलिमीटरची. तो बोगदा असतो. खरजेच्या किड्याची अर्धा मिलिमीटरसुद्धा नसलेली मादी कातडीच्या वरच्या थरात तो पोखरत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. रात्री खाज वाढते, पोर झोपत नाही आणि सकाळी शाळेत पेंगतं.

बालगृहांच्या सरकारी तपासणीबद्दल लिहायचं तर मला सुरुवात या रेघेपासूनच करावीशी वाटते. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 54 नुसार तपासणी समितीनं तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक संस्थेत जायचं असतं. किमान तीन सदस्य, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. अहवाल आठवड्याच्या आत. बाल कल्याण समितीच्या महिन्याला किमान दोन भेटी वेगळ्या. डॉक्टर हवाच असं कायद्यानं म्हटलंय, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता खरजेचं गणित बघा. पहिल्यांदा लागण झालेल्या मुलाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, पण तोवर त्याच्याकडून इतरांना लागण होतच असते. म्हणजे दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अख्खी खोली खाजवायला लागू शकते. एकट्या मुलाला मलम लावून भागत नाही. खोलीतली सगळी मुलं आणि सांभाळणाऱ्या ताया, सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, सकाळी अंघोळ, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एकदा. अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही, म्हणून वापरातल्या चादरी, टॉवेल, कपडे त्याच दिवशी गरम पाण्यातून काढून कडक उन्हात टाकायचे. सोलापुरात उन्हाची वानवा नाही. चादरी आणि टॉवेल तर आपण देशभर पाठवतो. बालगृहातल्या प्रत्येक लेकराची चादर नि टॉवेल स्वतःचा असायलाच हवा.

मुळात ही लागण होते ती कातडीला कातडी बराच वेळ चिकटून राहिल्यानं. एका सतरंजीवर दोघं झोपले की तेवढं पुरतं. याच कायद्याखालच्या केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत झोपायच्या खोलीत मुलामागे 40 चौरस फूट जागा धरली आहे, म्हणजे साधारण सहा फूट बाय पावणेसात फूट. टेप लावून मोजता येते.

पाण्याचंही तसंच. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची सवय घराघराला आहे. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी रोज 135 लिटर धरतात. त्या हिशेबानं 50 मुलांना चार दिवसांसाठी 27 हजार लिटर साठवण लागते. तपासणीला आलेल्यांनी जिना चढून गच्चीवरच्या टाक्या मोजाव्यात आणि झाकण उघडून आत बघावं. धुणं कमी झालं की खरूज हटत नाही.

आणि उंची. वजन पंधरा दिवसांच्या आजारपणातही उतरतं, उंची मात्र कित्येक महिन्यांचा हिशेब सांगते. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या 136 लहानग्यांचा अभ्यास 2000 च्या सुमारास सुरू झाला. निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून पालक कुटुंबांकडे दिलं. वर्षभरात त्यांची उंची आणि वजन भराभर वाढलं, आणि जिथे सांभाळणारं माणूस मुलाकडे अधिक मायेनं लक्ष देत होतं तिथे जास्त. म्हणून जेवणाच्या तक्त्याबरोबर हेही विचारायला हवं की गेल्या वर्षात इथल्या किती ताया सोडून गेल्या.

एखादी भेट रात्री नऊनंतर द्यावी. अंथरुणं पडलेली असतात, कोण कोणाशेजारी झोपतं ते दिसतं, आणि कोणाचा हात सारखा खाजवतोय तेही.