लसीकरणातील आरोग्य कर्मचाऱ्यांचा अग्रक्रम (खानदेश)

लस अपुरी असताना ती आधी कोणाला टोचायची, हे ठरवण्याची पद्धत. कोविड-१९ विरुद्धची देशव्यापी मोहीम १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली, तेव्हा पहिला क्रम सुमारे १ कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाला. पोलीस, होमगार्ड, महसूल व सफाई कर्मचारी फेब्रुवारीत आले. साठीपुढचे आणि सहव्याधी असलेले ४५ वर्षांपुढचे नागरिक १ मार्चपासून. रुग्णाच्या सर्वांत जवळ जाणाऱ्याला धोका जास्त, आणि तोच आजारी पडला तर वॉर्ड चालवणार कोण, हा त्यामागचा हिशेब. ब्रिटनने मात्र वृद्धाश्रमांतील रहिवासी व त्यांची काळजी घेणारे पहिल्या क्रमांकावर ठेवले होते.

जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांपैकी नंदुरबारची निवड पुणे, नागपूर व जालन्याबरोबर २ जानेवारीच्या रंगीत तालमीसाठी झाली होती. सातपुड्यातला धडगाव-अक्कलकुव्याचा विखुरलेला मुलूख पाहता ती योग्यच म्हणावी लागेल. कागदावरच्या नियोजनाची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

अग्रक्रम प्रत्यक्षात उतरला तो यादीतून. सरकारी व खासगी दवाखान्यांनी को-विन या लसीकरण नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर आधीच भरलेल्या नावांत डॉक्टर, आरोग्यसेविका आणि वॉर्डबॉयबरोबर आशा व अंगणवाडी सेविकाही होत्या. आशाताई सरकारी नोकर नाहीत, मानधनावर राबतात. पण लसीच्या रांगेत त्यांना डॉक्टरांच्या बरोबरीने धरले गेले, ही या यादीची सर्वांत जमेची बाजू. पहिल्याच दिवशी को-विन रखडल्याने राज्यात १८ जानेवारीपर्यंत लसीकरण थांबवावे लागले, तो भाग वेगळा.

कोविशिल्ड लसीची व्हायल (कुपी) १० डोसची, प्रत्येक डोस ०.५ मिलीचा. साठवण २ ते ८ अंश सेल्सिअसला, आणि व्हायल एकदा उघडली की ४ तासांत संपवायची. शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात दहा जण सहज जमतात. डोंगरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर आठच आले तर उरलेल्या दोन डोसांचे काय? शिवाय टोचल्यावर अर्धा तास निरीक्षणात बसायचे. उपकेंद्रावरची एकटी आरोग्यसेविका लस घ्यायला निघाली की तेवढा वेळ तिथे दुसरे कोणी नसे.

यादीतली मोठी फट अशी की गरोदर व स्तनदा महिलांना सुरुवातीला लस दिली जात नव्हती. स्तनदा मातांना मे २०२१ मध्ये, तर गरोदर महिलांना जुलैमध्ये परवानगी मिळाली. परिचारिका व आशा या बहुतांशी बाळंतपणाच्या वयातल्या; म्हणजे अनेकींचा अग्रक्रम दुसरी लाट ओसरू लागेपर्यंत नावापुरताच राहिला.

अपात्र लोकांची नावे घुसत असल्याच्या तक्रारींनंतर केंद्राने एप्रिल २०२१ च्या सुरुवातीला आरोग्य कर्मचारी आणि पोलीस-सफाई कर्मचाऱ्यांसारखे आघाडीवरचे कर्मचारी, या दोन्ही गटांतील नवी नोंदणी बंद केली. १० जानेवारी २०२२ पासून सुरू झालेल्या तिसऱ्या, म्हणजे खबरदारीच्या मात्रेसाठी पुन्हा हेच गट, सहव्याधी असलेल्या ज्येष्ठांसह, पुढे होते.