चिंता, निद्रानाश आणि चिनी वैद्यक : जुन्या काढ्यांची नवी मांडणी

काळजीने उडालेल्या झोपेवरच्या चिनी औषधांची जाहिरात ‘दोन हजार वर्षांच्या परंपरे’शिवाय पुरी होत नाही. काढे जुने आहेत, हे खरेच. पण ते कोणाला, कुठल्या निदानाखाली द्यायचे याची आजची घडी मुख्यतः १९४९ नंतर, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीत, बसली आहे, आणि वादही तिथलेच आहेत.

जुने ते थोडक्यात. हान काळाशी जोडल्या जाणाऱ्या एका ग्रंथात पिनेलिया या वनस्पतीचा कंद आणि भरडधान्य यांचा काढा सांगितला आहे. त्यासाठी पाणी हजार ली (ली हे अंतराचे चिनी माप) वाहत आलेले हवे आणि जाळ बोरूचा. दुखणे नवे असेल तर पेला पालथा ठेवताच रोगी झोपेल, अशी हमीही दिली आहे! दुसरा काढा इ. स. २००च्या आसपासचा. त्यातले मुख्य औषध म्हणजे आंबट रानबोराच्या बिया, म्हणजे आपल्या बोराच्याच भावकीतल्या. त्या आधी आठ मापे पाण्यात सहा मापे उरेपर्यंत उकळायच्या, मग ज्येष्ठमधासह उरलेली चार औषधे घालून तीन मापांवर आणायचे आणि तीन वेळा कोमट प्यायचे. शरीर खंगले आहे, जिवाची तगमग होते, झोप नाही, अशांसाठी हा काढा. ‘चिंता’ नावाचा वेगळा रोग तिथे नाही. पुढच्या शतकांत हिंगूळ घातलेल्या गोळ्याही आल्या. जड खनिज भरकटलेले मन खाली बसवते, हा त्यामागचा विचार. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग, तरी चीनच्या सरकारी औषधसंहितेने या शतकातही त्याची ०.१ ते ०.५ ग्रॅम मात्रा छापली आहे.

आता मुख्य गोष्ट. न्यूरास्थेनिया, म्हणजे मज्जातंतू थकणे, हे निदान मूळचे अमेरिकेतले, १८६९ सालचे. जपानमार्गे ते चीनमध्ये पोचले आणि असे रुजले की झोप नाही, डोके जड, छातीत धडधड, लक्ष लागत नाही, या सगळ्याला तेच नाव मिळू लागले. १९५८-५९च्या, माओने उत्पादन झपाट्याने वाढवण्यासाठी पुकारलेल्या ‘मोठ्या झेपे’च्या दिवसांत त्याविरुद्ध चक्क मोहीम निघाली. बीजिंगमधल्या विद्यार्थ्यांना काही आठवड्यांत बरे करण्यासाठी औषधे, ताइची, व्याख्याने, गटचर्चा असे सगळे एकदम देण्यात आले. त्याच सुमारास, १९५६ मध्ये, बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि छंगदू इथे पारंपरिक वैद्यकाची सरकारी महाविद्यालये उघडली. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तके हवी होती. मग घराण्याघराण्यांतले मतभेद बाजूला सारून निद्रानाशाचे ठरावीक प्रकार लिहिले गेले : हृदय-प्लीहेची क्षीणता, यकृतातली आग, हृदय आणि मूत्रपिंडाचा तुटलेला मेळ. आज वैद्य नाडी धरून जे सांगतो, ते बहुतेक या यादीतले असते.

माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६-७६) मन आजारी आहे म्हणणे राजकीयदृष्ट्या धोक्याचे होते. मज्जातंतू थकले म्हणायला कोणाची हरकत नव्हती. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार-सूचीने हे निदान वगळले आणि दोनच वर्षांनी छांगशा या चिनी शहरातल्या १०० न्यूरास्थेनिया रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ८७ जणांना नैराश्याचा ठळक विकार असल्याचे त्यात म्हटले होते. चिनी तज्ज्ञांपैकी अनेकांना हे पटले नाही, आणि त्यांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. रुग्ण दुखणे शरीरात सांगत असेल तर मोजपट्टी परक्या देशातून आणून त्याला खोटे का पाडावे? चीनच्या स्वतःच्या सूचीत हे निदान २००१च्या आवृत्तीतही राहिले, फक्त त्याचे कुंपण आवळले गेले.

शेवटी जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीच्या अकराव्या आवृत्तीने ते काढले. ही आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू झाली. गंमत अशी, की याच आवृत्तीत पारंपरिक वैद्यकाचे प्रकरण पहिल्यांदा आले आणि त्यात निद्रानाशाची पारंपरिक नोंदही आहे. म्हणजे ज्या नावाखाली चिनी रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या झोपेची औषधे घेत आले ते गेले, आणि ती औषधे देणाऱ्या शास्त्राला सूचीत जागा मिळाली. युरोपातल्या विज्ञान अकादम्यांनी टीका केली. संघटनेचे उत्तर होते की ही नोंद फक्त मोजदादीसाठी आहे, उपचार गुणकारी असल्याचा दाखला नव्हे. उत्तर नियमाला धरून आहे, पण औषध विकणारा हा फरक गिऱ्हाइकाला समजावून सांगत बसेल, असे वाटत नाही.

पुराव्याची बाजू अजून कच्ची आहे. निद्रानाशावरील अॅक्युपंक्चरच्या ३३ चाचण्या तपासणाऱ्या २०१२च्या एका आढाव्याने, चाचण्यांचा दर्जाच इतका कमी आहे की बाजूने किंवा विरुद्ध काही ठरवता येत नाही, असा निष्कर्ष काढला. रानबोराच्या काढ्याच्या चाचण्या बव्हंशी चीनमध्येच झाल्या आणि बऱ्याचशा छोट्या आहेत.

दरम्यान भारतानेही हीच वाट धरली. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या संज्ञांचा, रोगसूचीतल्या त्याच प्रकरणाचा दुसरा विभाग जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत जाहीर झाला. त्यामुळे ‘नोंद म्हणजे मान्यता का?’ हा प्रश्न आता चीनपुरता उरलेला नाही.