जिंकण्याची गरज आणि जिंकण्याची शक्यता

फ्रान्सच्या लीग 1 या फुटबॉल स्पर्धेचा 2022-23 चा हंगाम 3 जून 2023 च्या रात्री संपला. तिथल्या प्रथेप्रमाणे शेवटच्या फेरीचे सगळे, म्हणजे दहाही सामने एकाच वेळी सुरू झाले. बर्गंडीतल्या योन नदीकाठच्या ओसेर या लहान शहराच्या संघाला त्या रात्री घरच्या मैदानावर लाँसशी खेळायचे होते. पुढच्या हंगामापासून संघांची संख्या 20 वरून 18 वर आणायची असल्यामुळे त्या वर्षी चार संघ खालच्या श्रेणीत जाणार होते. त्यांतले आंजे, त्रॉय आणि आजाक्सियो हे तीन आधीच ठरले होते. चौथी जागा ओसेर आणि नाँत यांच्यापैकी एकाच्या वाट्याला येणार होती. ओसेरचे 35 गुण होते आणि नाँतचे 33 (विजयाला तीन गुण, बरोबरीला एक). मात्र गुण सारखे झाले असते तर गोलफरकावर नाँत वर राहिले असते. लाँसची स्थिती अगदी उलट होती. आठवडाभरापूर्वी पॅरिस सँ-जेर्मांने, म्हणजे पीएसजीने, विजेतेपद पक्के केले होते आणि तिसऱ्या क्रमांकावरचे मार्सेय बरेच मागे होते, त्यामुळे लाँस जिंकले काय किंवा हरले काय, दुसरेच राहणार होते.

हंगामाच्या अखेरीस पैज लावणाऱ्यांना टीप देणारा माणूस अशाच सामन्याच्या शोधात असतो. त्याचा युक्तिवाद पाठ झाल्यासारखा असतो: एका संघाला जीव वाचवायचा आहे, दुसऱ्याचे मन सुट्टीवर गेले आहे, शिवाय सामना पहिल्याच्या घरी आहे, तेव्हा भाव चांगला मिळत असेल तर पैसे यजमानांवर लावावेत. हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. खेळाडू माणसेच असतात, आणि ज्या सामन्यातून काहीच मिळवायचे नाही त्यात घोट्याची काळजी थोडी जास्त घेतली जाते. पण ही ‘गरज’ गोलांच्या भाषेत नेमकी किती भरते, हे टीप देणारा सहसा मोजत नाही. ते मोजण्याचे साधन मात्र जुने आहे, आणि योगायोगाने फ्रेंचच आहे.

सिमेओं-दनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने 1837 मध्ये, न्यायालयांच्या निकालांतील संभाव्यतेचा विचार करताना, एक सूत्र मांडले. एखादी घटना क्वचित घडत असेल, तिला घडण्याची संधी मात्र पुष्कळदा मिळत असेल, आणि तिची सरासरी आपल्याला ठाऊक असेल, तर ती शून्य वेळा, एकदा, दोनदा किंवा तीनदा घडण्याची शक्यता किती, हे त्या सूत्रातून काढता येते. पुढे 1898 मध्ये संख्याशास्त्रज्ञ बोर्तकिएविच यांनी प्रशियाच्या घोडदळात घोड्यांच्या लाथांनी मेलेल्या सैनिकांची आकडेवारी याच सूत्रात बसवून दाखवली. फुटबॉलमधला गोल याच जातीची घटना आहे. दीड तासात दोन्ही संघ शेकडो वेळा चेंडू पुढे नेतात आणि त्यांतून दोन-तीन गोल होतात. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ माहेर यांनी 1982 मध्ये प्रत्येक संघाला आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक असे दोन आकडे देऊन, त्यांच्या गुणाकारातून अपेक्षित गोल काढण्याची रीत मांडली. आजची बहुतेक भाकिते, कितीही सजवलेली असली तरी, याच पायावर उभी आहेत.

ही रीत ओसेर-लाँस सामन्याला लावून पाहू. शेवटच्या फेरीपूर्वी झालेल्या 37 सामन्यांत लाँसने 65 गोल केले होते आणि फक्त 28 स्वीकारले होते. ओसेरने 34 केले होते आणि 60 स्वीकारले होते. त्या हंगामात एक संघ सामन्यामागे सरासरी सुमारे 1.4 गोल करत होता. म्हणजे लाँसचे आक्रमण सरासरीच्या सव्वापट, आणि ओसेरचा बचाव सरासरीपेक्षा सुमारे 16 टक्के जास्त गोल देणारा. 1.4 ला या दोन्हींनी गुणले की लाँसचे अपेक्षित गोल 2.03 येतात. परक्या मैदानासाठी दहा टक्के कापले की उरतात 1.83. ओसेरचे आक्रमण सरासरीच्या दोन-तृतीयांश आणि लाँसचा बचाव सरासरीच्या जवळपास निम्मेच गोल देणारा, त्यामुळे त्यांचा आकडा अर्ध्या गोलाच्या आसपास येतो. घरच्या मैदानाचे दहा टक्के वाढवले तरी 0.55. दहा टक्क्यांचा हा अंदाज माझा, ठोकळ आहे. करोनाच्या काळात युरोपात रिकाम्या मैदानांवर सामने झाले तेव्हा यजमानांचा फायदा घटला आणि पाहुण्यांना दाखवली जाणारी पिवळी कार्डेही कमी झाली, असे अनेक अभ्यासांत दिसले. तेव्हा हा फायदा खरा आहे आणि त्यात प्रेक्षकांच्या आवाजाचा वाटा आहे, एवढे धरून चालायला हरकत नाही.

आता 0.55 आणि 1.83 हे दोन आकडे प्वासाँच्या सूत्रात घातले की ओसेरने एकही गोल न करण्याची शक्यता 58 टक्के आणि लाँसने एकही न करण्याची 16 टक्के येते. दोन्ही संघांच्या गोलसंख्यांच्या सगळ्या जोड्या मांडून बेरीज केली, तर लाँसचा विजय 69 टक्के, बरोबरी 21 टक्के आणि ओसेरचा विजय 10 टक्के, असा हिशेब लागतो. सर्वांत संभाव्य निकाल 0-1 हा, पण त्याचीही शक्यता फक्त 17 टक्के. म्हणूनच ‘अचूक स्कोअर’ सांगणाऱ्या टीपेकडे मी करमणूक म्हणूनच पाहतो, कारण तीतला सर्वांत शहाणा अंदाजही सहापैकी पाच वेळा चुकायचाच.

या हिशेबात ओसेरची गरज कुठेच नाही, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. तर ती घालू, आणि सढळ हाताने घालू. जिवाच्या आकांताने खेळल्यामुळे ओसेरची गोल करण्याची क्षमता 20 टक्क्यांनी वाढली आणि निवांत झालेल्या लाँसची तेवढीच घटली, असे समजू. अपेक्षित गोल आता 0.66 आणि 1.46 होतात. नव्या हिशेबात ओसेरचा विजय 17 टक्क्यांवर जातो, बरोबरी 27 वर, आणि लाँस तरीही 56 टक्क्यांवर राहते. सामना खऱ्या अर्थाने तुल्यबळ व्हायचा तर दोघांचे अपेक्षित गोल 1.1 च्या आसपास यायला हवेत, म्हणजे ओसेरचे आक्रमण एका आठवड्यात दुप्पट आणि लाँसचे चाळीस टक्क्यांनी दुबळे व्हायला हवे. जो संघ 37 सामन्यांत सामन्यामागे एक गोलही करू शकला नाही, त्याला तळाशी ढकलणारी कारणे शेवटच्या शनिवारीही ड्रेसिंगरूममध्ये हजर असतातच. खरे तर त्याला गरज पडली आहे हीच त्याच्या कुवतीविषयीची सर्वांत ठळक माहिती आहे.

प्वासाँचे सूत्र निर्दोष आहे असे मात्र नाही. दोन्ही संघांचे गोल परस्परांपासून स्वतंत्र असतात असे ते मानते, आणि प्रत्यक्षात 0-0 व 1-1 हे निकाल त्याच्या अंदाजापेक्षा जास्त वेळा लागतात. डिक्सन आणि कोल्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये ही त्रुटी दुरुस्त केली, आणि जुन्या सामन्यांना कमी वजन द्यायची सोयही केली. शेवटच्या फेरीत तर एका मैदानावरचा गोल दुसऱ्या मैदानावरच्या खेळाची चाल बदलतो. नाँत पुढे आहे ही बातमी आली की ओसेरला बरोबरी निरुपयोगी होते. मग बचावातले खेळाडू वर चढतात, मागे मोकळी जागा पडते, आणि गोल होण्याचा वेग दोन्ही बाजूंना वाढतो. गरजेचा खरा परिणाम असा असतो. ती संघाला बलवान करतेच असे नाही. ती त्याला धोका पत्करायला लावते, आणि धोक्याचा लाभ वेगवान प्रतिहल्ला करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यालाही तितकाच होतो.

‘चालू फॉर्म’ या आवडत्या मुद्द्याबद्दल थोडक्यात सांगतो. चाळीस टक्के सामने जिंकणारा संघ, ताकदीत काहीही बदल न होता, पाच सामन्यांत एकही न जिंकण्याची किंवा चार-पाच जिंकण्याची शक्यता मिळून सुमारे 16 टक्के असते. वीस संघांच्या स्पर्धेत कुठल्याही आठवड्यात दोन-तीन संघ निव्वळ योगायोगाने ‘भन्नाट’ किंवा ‘गाळात’ दिसणारच.

हिशेबाची दुसरी बाजू भावाची. समजा यजमानांच्या विजयाला 3.40, बरोबरीला 3.10 आणि पाहुण्यांच्या विजयाला 1.78 असा भाव आहे, म्हणजे पैज जिंकल्यास लावलेल्या रुपयामागे इतके रुपये परत मिळतात. प्रत्येक भावाने 1 ला भागले की शक्यता मिळतात: 29.4, 32.3 आणि 56.2 टक्के. यांची बेरीज शंभर व्हायला हवी, ती जवळपास 118 होते. वरचे 18 हा बुकीचा वाटा. हे उदाहरण काल्पनिक असले तरी प्रमाण फ्रान्सला धरून आहे. तिथे 12 मे 2010 च्या कायद्याने ऑनलाइन पैजा खुल्या झाल्या तेव्हा, जमा रकमेपैकी सरासरी 85 टक्क्यांहून अधिक परत देऊ नये असे बंधन घातले गेले. म्हणजे बाजारापेक्षा किंचित शहाणे असून तिथे भागत नाही, शंभराला पंधराची खोट भरून काढण्याइतके शहाणे असावे लागते. आणि ओसेरची गरज तर साऱ्या देशाला माहीत होती. वर्तमानपत्रात छापून आलेली गोष्ट भावात उतरली नसेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. आपल्याकडे महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर चालणारा टोट, म्हणजे सगळ्यांच्या पैजा एकत्र जमा करण्याची रीत, ही मूळ पॅरिसची पद्धत, जोझेफ ओलेर यांनी 1860 च्या दशकात सुरू केलेली. तीत आधी वाटा कापून उरलेली रक्कम विजेत्यांत वाटतात, त्यामुळे हे गणित निदान उघड दिसते. ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या खेळांवर भारतात ऑगस्ट 2025 च्या कायद्याने बंदीच आली आहे, तेव्हा इथल्या वाचकाला यातला उपयोग फक्त आकडेमोडीचा.

आणखी एक गोष्ट कोणत्याही सूत्रात बसत नाही. 20 मे 1993 रोजी, युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्याला सहा दिवस उरले असताना, मार्सेयचा सामना तळाशी झगडणाऱ्या वालाँसिएनशी होता. गरज वालाँसिएनची होती आणि जपून खेळायचे कारण मार्सेयकडे. मार्सेय 1-0 ने जिंकले. आपल्याला ढिले खेळण्यासाठी पैसे देऊ केले गेले, असे वालाँसिएनच्या जाक ग्लासमान या खेळाडूने सांगितले, आणि पुढे एका सहकाऱ्याच्या नातेवाइकांच्या बागेत पुरलेले अडीच लाख फ्रँक सापडले. मार्सेयचे त्या वर्षीचे राष्ट्रीय विजेतेपद काढून घेण्यात आले. हंगामाअखेरच्या सामन्याकडे नियामक संस्था अधिक बारकाईने पाहतात ते अशा इतिहासामुळे.

3 जूनच्या रात्री लाँसने ओसेरला 3-1 असे हरवले. तिकडे नाँतने, आधीच खाली गेलेल्या आंजेला 1-0 ने हरवून, एका गुणाने जागा राखली. आणि पॅरिसमध्ये विजेत्या पीएसजीला क्लेरमाँने त्यांच्याच मैदानावर 3-2 असे पराभूत केले. गरजेची गोष्ट सांगणाऱ्याला यातले शेवटचे दोन सामने आठवतात आणि पहिला विसरतो; हा पुराव्याचा निवडक वापर झाला. आकड्यांची बाजू घेणाऱ्यालाही तीच सवलत देता कामा नये, म्हणून ओसेर-लाँस आणि पीएसजी-क्लेरमाँ या दोन्ही सामन्यांत सूत्राला गुण देऊन पाहू.

भाकिताला गुण देण्याची एक साधी पद्धत हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये सुचवली. प्रत्येक शक्यतेसाठी आपण सांगितलेला आकडा आणि प्रत्यक्ष निकाल, म्हणजे घडले तर 1 आणि नाही तर 0, यांतल्या फरकाचा वर्ग करून बेरीज करायची. बेरीज जितकी कमी तितके भाकीत चांगले. ‘मला काही कळत नाही’ म्हणून तिन्ही निकालांना एक-तृतीयांश देणाऱ्याचा आकडा नेहमी 0.67 येतो. ओसेर-लाँससाठी आपल्या सूत्राचा आकडा 0.15 आला. गरजेवर भिस्त ठेवून ओसेरला 45, बरोबरीला 28 आणि लाँसला 27 टक्के देणाऱ्याचा 0.81 आला असता. इथवर सूत्राची सरशी आहे. पण हेच सूत्र, त्याच दहा टक्क्यांच्या हिशेबाने, पीएसजीला 73 टक्के, बरोबरीला 17 आणि क्लेरमाँला 10 टक्के देते, आणि त्या सामन्यात त्याचा आकडा 1.37 पर्यंत घसरतो. दोन सामन्यांची सरासरी 0.76, म्हणजे काहीच न कळणाऱ्यापेक्षा वाईट. सूत्र त्यापेक्षा बरे आहे हे दिसायला संपूर्ण हंगाम लागतो. टीप देणाऱ्याची परीक्षा त्याहून लांबते: नाणेफेकीसारख्या पैजांत शंभरात 55 बरोबर येणे नुसत्या नशिबानेही सहज घडते, आणि त्याचे ते पंचावन्न टक्के नशिबाचे नसून कौशल्याचे आहेत असे थोड्याफार खात्रीने म्हणायला सुमारे 400 टीपा तारखेनिशी लिहून ठेवाव्या लागतात.