मोजलेला आकडा, मांडलेला आकडा : खडकसमूहाच्या विरूपणमापनाची पार्श्वभूमी

प्रयोगशाळेत गाभ्याचा नमुना दाबून मिळणारा आकडा आणि डोंगरातला भेगाळलेला खडकसमूह प्रत्यक्षात किती दबतो, यांत मोठी तफावत असते हे धरण बांधणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. तरीही या तफावतीचा स्वतंत्र विषय म्हणून अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला तो मालपासेनंतर. दक्षिण फ्रान्समधले, सुमारे ६६ मीटर उंचीचे आणि तळाशी जेमतेम सात मीटर जाडीचे हे कमानी धरण २ डिसेंबर १९५९ च्या रात्री फुटले आणि चारशेहून अधिक माणसे मेली. दोष काँक्रीटमध्ये नव्हता. कमानीच्या रेट्याने डाव्या बाजूच्या पट्टेदार नाइस खडकातल्या बारीक भेगा मिटल्या, पाण्याची वाट बंद झाली, मागे दाब साचला आणि खाली विभंगाने (खडक ज्या मोठ्या भेगेवरून सरकतो तिने) आधीच तोडलेली खडकाची पाचर उचलली गेली, असे स्पष्टीकरण पुढे बहुतेकांनी स्वीकारले. तीनच वर्षांनी, १९६२ मध्ये, खडकयांत्रिकी या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

पुढची दोन दशके जागेवरच्या चाचण्यांची होती. त्यांतली सर्वांत परिचित चाचणी थाळीची. धरणाच्या कुशीत आडिट, म्हणजे डोंगरात आडवा शिरणारा लहान बोगदा, खणायची, तिच्या समोरासमोरच्या भिंतींवरचा सुरुंगाने सैल झालेला थर छिन्नीने काढून पृष्ठभाग सपाट करायचा, त्यावर ६० सेंटिमीटर ते एक मीटर व्यासाच्या पोलादी थाळ्या बसवायच्या आणि मधल्या जॅकने दाब टप्प्याटप्प्याने चढवायचा व उतरवायचा. दाब उतरवल्यावर खडक पूर्णपणे मूळ जागी येत नाही. जेवढा परत येतो तेवढ्यावरून स्थितिस्थापकता गुणांक काढतात आणि एकूण दबण्यावरून विरूपण गुणांक; गुणांक जितका मोठा तितका खडक ताठ. यांतला दुसरा नेहमीच लहान भरतो. छिन्नी कितीही काळजीपूर्वक चालवली तरी सैल थराचा काही अंश मागे उरतोच, म्हणून पुढे थाळीमागच्या वेधनछिद्रात निरनिराळ्या खोलींवर मापक बसवण्याची पद्धत आली. खडकातले मूळ प्रतिबल, म्हणजे त्यात आधीपासून असलेला अंतर्गत दाब, मोजण्यासाठी भिंतीत चीर कापतात. चीर किंचित मिटते आणि तिच्यात बसवलेल्या चपट्या जॅकने ती पुन्हा पहिल्या रुंदीला आणायला जेवढा दाब लागतो, तेवढे भिंतीलगतचे प्रतिबल धरतात.

या चाचण्या खर्चिक होत्या, वेळखाऊ होत्या आणि एकाच आडिटमध्ये एकमेकांशी न जुळणारे आकडे देत होत्या. त्यामुळे १९७८ मध्ये मांडल्या गेलेल्या एका साध्या समीकरणाचे जे स्वागत झाले, त्यात सोयीचा वाटा शास्त्राइतकाच होता, असे म्हणावे लागते. १९७३ पासून बोगद्यांसाठी खडकाला शंभरपैकी गुण देण्याची एक वर्गीकरणपद्धत रूढ होत होती. त्या गुणांची दुप्पट करून शंभर वजा केले की विरूपण गुणांक गिगापास्कल या एककात मिळतो, असा हा दावा होता. साठ गुणांना वीस गिगापास्कल. पंचेचाळीस गुणांना मात्र उत्तर उणे दहा येते, म्हणून पन्नासच्या खाली समीकरण वापरू नये, अशी मर्यादा सुरुवातीपासूनच होती. १९८३ मध्ये घातांकी रूप देऊन ती अडचण दूर झाली. त्या रूपात पंचेचाळीस गुणांना सुमारे साडेसात गिगापास्कल मिळतात.

खरी अडचण वरच्या टोकाला होती आणि ती दख्खनच्या पठारावर काम करणाऱ्यांना चटकन दिसते. कॉम्पॅक्ट बेसाल्टचा नमुना कणखर असतो, परंतु लाव्हा थंड होताना पडलेल्या सांध्यांनी, म्हणजे नैसर्गिक भेगांनी, तो खडकसमूह चिरलेला असतो. अमिग्डलॉइडल बेसाल्ट (वायूची छिद्रे खनिजांनी भरलेला) आणि ज्वालामुखी ब्रेशिया (ज्वालामुखी खडकाचे तुकडे जुळून बनलेला) यांचे नमुने त्यामानाने दुबळे असतात, पण त्यांत सांधे क्वचितच आढळतात. या वर्गीकरणाच्या १९८९ च्या आवृत्तीत नमुन्याच्या ताकदीला शंभरपैकी फक्त पंधरा गुण आहेत. बाकी बहुतेक गुण सांध्यांची संख्या, अंतर आणि अवस्था यांचे. त्यामुळे सांधे नसलेला ब्रेशिया सहज वरच्या श्रेणीत जातो. ऐंशी गुण मिळाले तर १९७८ चे समीकरण साठ गिगापास्कल सांगते, जे त्याच ब्रेशियाच्या अखंड नमुन्याच्या गुणांकापेक्षा कितीतरी जास्त आहे. भेगा धरून संपूर्ण डोंगर आपल्याच तुकड्यापेक्षा ताठ निघावा, हे अशक्य आहे. असे असूनही हे समीकरण संकल्पनाच्या (डिझाइनच्या) गणितांत वर्षानुवर्षे वापरले गेले, कारण आकडा हातात असला की आडिट खणण्याचा आग्रह सैल पडतो.

दुबळ्या खडकांसाठीची दुरुस्ती १९९० च्या दशकात आली. २००६ मध्ये, मुख्यतः चीन आणि तैवान येथील जागेवरच्या मोजमापांवरून बसवलेल्या नव्या समीकरणात अखंड नमुन्याचा गुणांक हीच कमाल मर्यादा ठरली. त्यात सुरुंगाने झालेल्या हानीसाठी शून्य ते एक असा एक घटकही आहे. तो पुष्कळदा संपूर्ण खडकसमूहाला लावला जातो. वास्तविक तो खोदकामालगतच्या दुखावलेल्या पट्ट्यापुरताच लावायचा असतो, आणि सरसकट लावल्यास गुणांक विनाकारण खाली येतो.

आता बोगद्याच्या भिंतींवर परावर्तक लावून टोटल स्टेशन या अंतर व कोन मोजणाऱ्या उपकरणाने त्यांची हालचाल रोज वाचतात आणि तीवरून गुणांक उलट काढतात. हेही थेट मोजमाप नव्हे. खोदाईचा चेहरा, म्हणजे बोगद्याचे पुढे सरकणारे टोक, एखाद्या जागी पोहोचतो तेव्हाच तिथल्या अंतिम विरूपणाचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग घडून गेलेला असतो आणि परावर्तक त्यानंतर बसतात. त्यामुळे न वाचलेला तेवढा भाग अंदाजाने मिळवावा लागतो.